स्त्री-लेखनशैली, कादंबरीतील

स्त्री-लेखनशैली, कादंबरीतील : स्त्री-कादंबरीकारांच्या गद्यात पुरुषांच्या गद्याहून निराळी आणि केवळ वाक्यांवरून ओळखता यावी अशी खास शैली असते किंवा काय, हा साहित्यसमीक्षेतील एक वादविषय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये तो ठळकपणे पुढे आला; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाषाविज्ञान, स्त्रीवादी समीक्षा आणि संगणकीय शैलीमापन यांनी त्याला नवे वळण दिले. मराठीत त्याची चर्चा बहुधा ‘बायकी लेखन’ या सैल शब्दप्रयोगाभोवती होत आली. वस्तुतः मराठीचे व्याकरण आणि मराठी कादंबरीचा इतिहास या दोहोंमुळे हा प्रश्न तपासून पाहण्यास मराठी हे विशेष सोयीचे क्षेत्र आहे.

या चर्चेत विषय, दृष्टी आणि शैली यांची वारंवार गल्लत होते. एखाद्या कादंबरीत बाळंतपण, सासुरवास किंवा स्वयंपाकघर आले म्हणजे ती स्त्रीशैलीतील कादंबरी ठरत नाही. तो तिचा विषय झाला. त्याच प्रसंगाकडे कोणाच्या बाजूने पाहिले आहे, ही दृष्टी झाली. शैली म्हणजे वाक्याची ठेवण, शब्दांची निवड, निवेदनाची गती, संवाद व वर्णन यांचे प्रमाण. स्त्रियांच्या कादंबऱ्यांत विषय व दृष्टी पुष्कळदा निराळी असते, हे सहसा कोणी नाकारत नाही. वाद आहे तो शैलीविषयी. तेथेही ‘स्त्रियांचे गद्य निराळे असते’ आणि ‘ते स्त्रीस्वभावामुळे निराळे असते’ ही दोन स्वतंत्र विधाने असून पहिले काही प्रमाणात सिद्ध झाले, तरी त्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

इंग्लंडमधील वाद : शार्लट ब्राँटी हिची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ मध्ये ‘करर बेल’ या नावाने प्रसिद्ध झाली. हे नाव स्त्रीचे की पुरुषाचे हे कळू नये अशीच योजना होती. परिणामी समीक्षकांपुढे नकळत एक कसोटीच उभी राहिली. लेखनावरून लेखकाचे लिंग ओळखता येत असेल, तर ते येथे ओळखता यावयास हवे होते. प्रत्यक्षात मते दुभंगली. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’च्या डिसेंबर १८४८ च्या अंकात एलिझाबेथ रिग्बी हिने, पाककृती व स्त्रियांचा पोशाख यांविषयीच्या तपशिलांतील चुका दाखवून, हे लेखन स्त्रीचे नसावे असा तर्क केला, ते स्त्रीचे असलेच, तर ती स्त्री स्वजातीच्या सहवासास मुकलेली असली पाहिजे, असेही तिने सुचविले. म्हणजे एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लेखन पुरुषाचे ठरविले आणि त्यासाठी आधार घेतला तो वाक्यरचनेचा नव्हे, तर स्वयंपाकाचा. पुढे लेखिकेची ओळख पटल्यावर समीक्षेचा सूर बदलला. १८५० मध्ये जॉर्ज हेन्री ल्यूइस याने तिच्या ‘शर्ली’ या कादंबरीचे परीक्षण तिच्या स्त्रीत्वाच्या अनुरोधाने केले, तेव्हा आपणास लेखक म्हणून जोखावे, स्त्री म्हणून नव्हे, अशी तक्रार ब्राँटीने केली.

याच ल्यूइसने १८५२ मध्ये ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’मध्ये स्त्री-कादंबरीकारांवर एक निबंध लिहिला. पुरुषांप्रमाणे लिहू पाहणे हा स्त्रियांचा मोठा दोष असून स्त्रियांनी स्त्रिया म्हणूनच लिहावे, भावना व सूक्ष्म निरीक्षण ही त्यांची बलस्थाने आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. वरकरणी उदार वाटणारे हे मत स्त्रियांसाठी एक आखीव अंगण तयार करते. चारच वर्षांनी, १८५६ मध्ये, त्याच नियतकालिकात त्याची सहचारिणी मेरी ॲन एव्हन्झ हिने तत्कालीन बायकांच्या पोकळ कादंबऱ्यांवर कठोर निबंध लिहिला आणि लगोलग जॉर्ज एलियट या पुरुषी नावाने कथालेखनास प्रारंभ केला. ‘सीन्स ऑफ क्लेरिकल लाइफ’ (१८५८) वाचून चार्ल्स डिकिन्झने लेखक स्त्री असल्याचे अचूक ओळखले. अनेकांना मात्र तो एखादा धर्मोपदेशक वाटला आणि लिगिन्झ नावाच्या भलत्याच गृहस्थाकडे त्या लेखनाचे श्रेय काही काळ गेले. डिकिन्झच्या या ओळखीचा स्त्रीशैलीचा पुरावा म्हणून पुष्कळदा उल्लेख होतो. इतरांच्या चुकांचा तसा होत नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नाला व्हर्जिनिया वुल्फ हिने वाक्याच्या पातळीवर आणले. डॉरोथी रिचर्ड्‌सन हिच्या कादंबरीचे १९२३ मध्ये परीक्षण करताना, मनोव्यापारांच्या बारीक कंपनांना धरून ताणले जाणारे, प्रसंगी विस्कळित वाटणारे असे एक स्त्रीलिंगी वाक्य रिचर्ड्‌सनने घडविले आहे, असे तिने म्हटले. अशी वाक्ये पुरुषांनीही लिहिली आहेत, हेही तिने तेथेच नमूद केले होते. ती पुस्ती बहुतेक उद्धरणांतून गळून पडते. ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) या ग्रंथात तिने दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी मांडल्या : पुरुषांनी घडविलेले वाक्य स्त्रीच्या हाताला जड जाते, आणि लिहिताना स्वतःच्या लिंगाचे भान ठेवणे कोणत्याही लेखकास घातक ठरते. या विधानांत दिसते तितका विरोध नाही. पहिले विधान परंपरेविषयीचे आहे. स्त्रीला वारशाने मिळालेले गद्य सभेत, न्यायालयात व धर्मपीठावर घडलेले होते, आणि त्या जागी तिला प्रवेश नव्हता. दुसरे विधान निर्मितीच्या क्षणाविषयीचे आहे.

सत्तरीच्या दशकात फ्रान्समध्ये एलेन सिक्सू हिने स्त्री-लेखनाची संकल्पना पुढे मांडली (१९७५). या लेखनाचे मूळ तिने देहानुभवात पाहिले. तथापि त्याची उदाहरणे देताना कोलेत व मार्गरीत द्युरास यांच्या जोडीला झां झने या पुरुषाचेही नाव घेतले. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबिन लेकॉफ हिचे स्त्रियांच्या भाषेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. विधान सौम्य करणारे शब्द, वाक्याच्या शेवटी जोडलेले संमतिदर्शक प्रश्न, रंगांच्या सूक्ष्म छटांची नावे ही तिने सांगितलेली लक्षणे बोलण्याची आहेत, कादंबरीच्या गद्याची नव्हेत, आणि ती मोजणीतून नव्हे तर स्वतःच्या भाषिक जाणिवेतून मांडलेली आहेत. त्यांचे मूळ तिने स्वभावात न पाहता सत्ताहीनतेत पाहिले, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट होय.

भाषा, लिंग आणि पद : भाषेतील असा भेद वस्तुतः पदाचा असतो, ही जाण भारतीय परंपरेस अपरिचित नाही. संस्कृत नाटकांत राजा व मंत्री संस्कृत बोलतात आणि स्त्रिया प्राकृत बोलतात. त्यांची पद्ये बहुधा महाराष्ट्री प्राकृतात असतात. ही स्त्रीभाषा म्हणावी, तर विदूषक ब्राह्मण पुरुष असूनही प्राकृतच बोलतो. उलट कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तील पंडिता कौशिकी ही परिव्राजिका संस्कृत बोलते. भाषेची वाटणी लिंगाने झालेली दिसत असली, तरी ती विद्या व अधिकार यांना अनुसरून झालेली आहे.

मराठी व्याकरणाने या प्रश्नात एक निराळीच गोष्ट आणली आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी निवेदक आपले लिंग अखेरपर्यंत लपवू शकतो. जनेट विंटरसन हिच्या ‘रिटन ऑन द बॉडी’ (१९९२) या कादंबरीत तसे केलेले आहे. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ असे म्हणताच गुपित फुटते. मात्र हे बंधन समजले जाते तितके कडक नाही. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी भाकरी खाल्ली’ येथे क्रियापद कर्माला अनुसरते; ‘मी जाईन’, ‘मी जात असे’, ‘आम्ही निघालो’ ही रूपे दोघांना समान आहेत. शिवाय कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सर्रास म्हणतात. व्याकरणातील लिंग आणि शैलीतील लिंग या निराळ्या गोष्टी आहेत, हे मराठी वाचकाला याहून अधिक स्पष्टपणे दाखविण्याची गरज नाही. क्रियापदाचा प्रत्यय बदलला की निवेदक बदलतो. वाक्याचा घाट त्याने बदलतोच असे नाही.

मराठीत स्त्रियांच्या गद्याची खरीखुरी म्हणता येईल अशी एक खूण होती, आणि ती वाक्यरचनेतील होती. पतीचे नाव घ्यावयाचे नाही, त्याचा निर्देश थेट कर्ता म्हणून करावयाचा नाही, या रूढीमुळे एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा घरांतील स्त्रियांच्या बोलण्यात ‘इकडून येणे झाले’, ‘इकडून सांगणे झाले’, ‘इकडची स्वारी’ असे प्रयोग रुळले होते. येथे कर्ता नाहीसा होतो, क्रियापदाचे नाम होते आणि सबंध वाक्य भाववाच्य होते. पुरुषाला पत्नीविषयी बोलताना अशा रचनेची गरज नव्हती. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या पुस्तकात न्यायमूर्तींचा निर्देश नाव न घेता ‘स्वतः’ अशा शब्दांनी होतो. अशी वाक्ये मोजली, तर स्त्रीचे गद्य पुरुषाच्या गद्यातून निःसंशय वेगळे काढता येईल. आणि तरीही ती स्त्रीस्वभावाची खूण म्हणता येत नाही, कारण रूढी ओसरली तशी ती दोनतीन पिढ्यांत मावळली. स्त्रिया तशाच राहिल्या, वाक्य गेले.

ही खूण पुरुषाला शिकता येत होती, हेही मराठी कादंबरीने दाखवून दिले. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची ‘पण लक्षांत कोण घेतो ?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू ही मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील मुलगी स्वतःची कहाणी सांगते. बालपण, माहेर, विवाह, सासर आणि वैधव्य या क्रमाने जाणारे हे निवेदन घरातील बारीकसारीक गोष्टींनी गजबजलेले आहे. आठवण निघाली की तिच्यामागे दुसरी निघते, मूळ सूत्र सुटते, मग निवेदिका स्वतःलाच सावरून पुन्हा कथेवर येते. साधेपणा, घरगुतीपणा, आठवणींच्या ओघाने जाणे, भावनेची उघड कबुली ही स्त्रीशैलीची म्हणून पुढे सांगितली गेलेली जवळजवळ सर्व लक्षणे येथे आहेत, आणि लेखक पुरुष आहे. स्त्रीच्या प्रथमपुरुषी आत्मनिवेदनाचा मराठी कादंबरीतील आदर्श एका पुरुषाने घालून दिला, ही गोष्ट या विषयावरील कोणत्याही सिद्धांताला विचारात घ्यावीच लागेल.

याच काळात काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांची उलट बाजू पाहण्याजोगी आहे. त्या विवाहानंतर पतीच्या उत्तेजनाने लिहावाचावयास शिकल्या. हरिभाऊ आपटे व कानिटकर दांपत्य यांच्यात निकटचा वाङ्‌मयीन स्नेह होता. त्यांच्या ‘रंगराव’ (१९०३) या कादंबरीचे नाव पुरुषपात्राचे आहे आणि तिचे गद्य त्या काळच्या सुशिक्षित वर्गाच्या ग्रांथिक मराठीचेच आहे. ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) या कादंबरीत त्यांनी एका संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती सोपवून स्त्रीशिक्षण व राज्यव्यवस्था यांचे कल्पनाचित्र रंगविले. विषय धाडसी आहे. वाक्य मात्र आपट्यांच्या यमूइतके ‘बायकी’ नाही. त्याआधीच्या साळूबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ (१८७३) ही मराठी स्त्रीने लिहिलेली पहिली कादंबरी मानली जाते. तीही ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या अद्‌भुतरम्य परंपरेतील असून तीत वेगळी स्त्रीवाणी शोधू जाणे व्यर्थ आहे. ज्यांना लिहिण्याचा अधिकार नुकताच मिळाला आहे, त्यांनी आधी प्रतिष्ठित गद्य आत्मसात करावे, हे स्वाभाविकच होते. आपट्यांना पदर सांभाळून बोलण्याचे सोंग घेता आले, कारण त्यांची प्रतिष्ठा त्याने धोक्यात येत नव्हती. काशीबाईंना ती मोकळीक नव्हती.

टोपणनावाचा प्रयोग : मराठीतील ‘करर बेल’ म्हणजे विभावरी शिरूरकर. या नावाने मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१), पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे, यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हा कथासंग्रह आणि पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) ही कादंबरी प्रसिद्ध केली. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित किंवा परित्यक्ता तरुणींच्या मनातील इच्छा त्यांत उघडपणे आल्या होत्या. त्यावरून मोठे वादळ उठले आणि या नावामागे कोण आहे याविषयी तर्ककुतर्क झाले. येथेही वादाचे कारण शैली नव्हती. स्त्रीने बोलू नये असे मानलेले विषय स्त्रीच्या नावाने बोलले गेले होते. मजकूर तोच असता वरचे नाव पुरुषाचे असते, तर तो स्त्रीमनाचा कुशल अभ्यास ठरला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

वस्तुतः १९३०–४० च्या दशकात मृदू, नटवे, अलंकारांनी लवलेले, वेशभूषेचे व दिवाणखान्याचे तपशील हौसेने टिपणारे गद्य ना. सी. फडके लिहीत होते आणि उपमा-रूपकांनी ओथंबलेले भावनाप्रधान गद्य वि. स. खांडेकर लिहीत होते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने वाचकांना रडविले ते याच काळात. त्याच दशकातील गीता साने (१९०७–९१) यांच्या कादंबऱ्यांत पात्रे विवाहसंस्थेवर मुद्देसूद वाद घालतात आणि निवेदन अलंकारांपासून अलिप्त राहते. लेखकांची नावे झाकून ही पाने एखाद्या वाचकापुढे ठेवली आणि कोमलतेवरून स्त्री ओळखण्यास सांगितले, तर तो बहुधा चुकेल.

अशीच तुलना एकाच घरातील दोन कादंबऱ्यांची करता येते. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) ही युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवरील कादंबरी. चक्रधर हा तिचा निवेदक आणि हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी यांच्या प्रेमाची ही कहाणी असून तिचे निवेदन आत्मगत, भावनेने भारलेले, वारंवार स्वतःच्या मनाकडे वळणारे आहे. मालतीबाईंची ‘बळी’ (१९५०) ही गुन्हेगार जमातींच्या वसाहतीवरील कादंबरी. सोलापूर येथील अशा वसाहतीत नोकरी करताना आलेल्या अनुभवांतून ती निर्माण झाली. तारेच्या कुंपणाआड डांबलेल्या माणसांचे जिणे, वसाहतीचे नियम, उपासमार, हिंसा यांचे तीत रोखठोक, माहितीने भरलेले आणि अश्रू आवरून धरणारे चित्रण आहे. रूढ समजुतीप्रमाणे पहिली स्त्रीची व दुसरी पुरुषाची ठरावी. दोन्ही कादंबऱ्या मराठीतील श्रेष्ठ कृतींत गणल्या जातात. ‘बळी’ची चर्चा मात्र ‘कळ्यांचे निःश्वास’च्या मानाने कमी झाली. स्त्रीशैलीच्या कल्पनेचा खरा उपद्रव हाच आहे. त्या कल्पनेत बसणारे लेखिकेचे पुस्तक तिचे प्रातिनिधिक ठरते आणि न बसणारे अपवाद म्हणून बाजूला पडते.

‘बायकी’ हा शब्दच या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. त्यात पसरटपणा, हळवेपणा व चूलमूल यांचे दोषदर्शक सूचन असते. उलट ‘पुरुषी’ हे विशेषण लेखिकेच्या गद्याला लावले, की ते प्रशंसा ठरते. पुरुषाच्या गद्याला ते लावण्याची कोणास गरज वाटत नाही. ‘अगबाई’, ‘इश्श’, ‘अय्या’, ‘मेलं’ हे उद्‌गार स्त्रीभाषेची खूण म्हणून दाखविले जातात. बोलण्यात ते होते व काही आहेत. परंतु कादंबरीत व नाटकात त्यांची पेरणी पुरुष लेखकांनी आपल्या स्त्रीपात्रांच्या तोंडी सढळ हाताने केली आहे.

स्वातंत्र्योत्तर कादंबरी : १९६० नंतरच्या मराठी लेखिकांत शैलीच्या दृष्टीने एकमेकींशी साम्य शोधणे अधिकच कठीण होते. कमल देसाई (१९२८–२०११) यांच्या ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या लघुकादंबऱ्यांत (१९७५) वास्तवाची चौकट मोडते, प्रतीके व स्वप्नसदृश तुकडे यांतून आशय गुंफला जातो. गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) व ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ (१९८५) यांतील गद्य गप्पांच्या अंगाने जाणारे, उपरोधिक, इंग्रजी-मराठी संदर्भांशी खेळणारे आणि स्वतःच्या दुःखाचीही थट्टा करणारे आहे. मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’त (२००५) स्वगताचा अखंड ओघ आहे. कविता महाजन (१९६७–२०१८) यांच्या ‘ब्र’मध्ये (२००५) ग्रामपंचायतींतील स्त्री-प्रतिनिधींच्या कैफियती त्यांच्या त्यांच्या बोलींत येतात आणि निवेदिकेचे स्वतःचे प्रमाण मराठी त्यांच्यापुढे काहीसे अवघडून उभे राहते. देसाई आणि देशपांडे यांच्या गद्यात जेवढे अंतर आहे, तेवढे देसाई आणि त्यांचे काही समकालीन नवकथाकार पुरुष यांच्यात नाही. तुटक, बोलभाषेच्या वळणाचे, एकीतून दुसऱ्या आठवणीत शिरणारे निवेदन हे स्त्रीचे म्हणावे, तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) कोठे ठेवावयाची, हा प्रश्न उरतोच.

एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा आढळते. पत्र, रोजनिशी, स्वगत, कैफियत अशा खाजगी किंवा अर्धखाजगी लेखनप्रकारांकडे लेखिका वारंवार वळतात. गौरी देशपांडे यांची ‘कारावासातून पत्रे’ ही दीर्घकथा याचे उदाहरण होय. पत्र आणि रोजनिशी हे प्रकार सभेची वा संपादकाची परवानगी न घेता लिहिता येतात, आणि अनेक पिढ्या स्त्रियांच्या हाती गद्याचे तेवढेच प्रकार होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४–३७) बोलके, छोट्या वाक्यांचे, विनोदाने लवलवणारे गद्य पुष्कळदा मराठी स्त्रीशैलीचा नमुना म्हणून सांगितले जाते. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, हे सोडले तरी त्या गद्याची घडण शाळेबाहेर झाली हे विसरता येत नाही. संस्कृत व इंग्रजी यांच्या वळणाखाली न दबलेले असे ते मराठी आहे. तसे मराठी शाळेत न गेलेला पुरुषही बोलत असे. फक्त त्याला लिहावयास बसविणारे सहसा कोणी नव्हते.

मोजणीचा पुरावा : संगणकाच्या साहाय्याने हा प्रश्न सोडविण्याचे प्रयत्न झाले आहेत. मोशे कोपेल, श्लोमो अर्गमोन व अनत शिमोनी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्रजीच्या एका मोठ्या ग्रंथसंग्रहातील लेखनावरून लेखकाचे लिंग सुमारे ८०% अचूकतेने ओळखता आले. ओळखीच्या खुणा मोठ्या शब्दांत नव्हत्या. स्त्रियांच्या लेखनात सर्वनामांचे प्रमाण अधिक होते, तर पुरुषांच्या लेखनात नामांना निश्चिती देणाऱ्या उपपदांसारख्या शब्दांचे. वाचकाच्या नजरेत न भरणाऱ्या या खुणा नाणेफेकीपेक्षा बऱ्याच विश्वसनीय आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु कथात्मक व माहितीपर लेखन यांच्यातील भेदही नेमक्या याच खुणांनी दिसतो. सुझन हेरिंग व जॉन पाओलिल्लो यांनी २००६ मध्ये महाजालावरील दैनंदिन्यांची तपासणी करून, लेखनप्रकार लक्षात घेतल्यावर लेखकाच्या लिंगाचा परिणाम उरत नाही, प्रकाराचा उरतो, असे दाखविले. शिवाय पाचांपैकी चार वेळा बरोबर ठरणारा निर्णय हा समूहाविषयीचा निर्णय आहे. हाती असलेल्या एका कादंबरीविषयी त्यातून फारसे कळत नाही. मराठीत असे यंत्र चालविल्यास प्रथमपुरुषी कादंबऱ्यांत ते क्रियापदांचे प्रत्यय पाहून निकाल देईल आणि आपट्यांच्या यमूला निःशंकपणे लेखिका ठरवील.

ओळखीची चूक उलट दिशेनेही होते. अमेरिकेत जेम्स टिप्ट्री (कनिष्ठ) या नावाने विज्ञानकथा लिहिणारी व्यक्ती स्त्री असावी, ही शंका रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या जाणकार लेखकाने १९७५ मध्ये लेखनाच्या पुरुषी धाटणीचा दाखला देऊन फेटाळली. थोड्याच काळात ॲलिस शेल्डन हे तिचे खरे नाव बाहेर आले. त्यानंतर त्याच कथांत स्त्रीदृष्टी शोधणारी समीक्षा विपुल झाली. कथांतील एकही वाक्य दरम्यान बदललेले नव्हते.

भाषांतरात या प्रश्नाचा आणखी एक पैलू दिसतो. मराठी लेखिकेची प्रथमपुरुषी कादंबरी इंग्रजीत गेली, की क्रियापदांतील स्त्रीलिंग नाहीसे होते. वाचकाला ते निवेदिकेच्या नावावरून किंवा प्रसंगावरून समजून घ्यावे लागते. जे खरोखर त्या काळच्या स्त्रियांचे होते, ते पतीला कर्तेपदावरून बाजूला ठेवणारे वाक्य तर उतरविताच येत नाही. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे कॅथरीन गेट्स हिने केलेले इंग्रजी रूपांतर १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. रमाबाई ज्या शब्दाने पतीचा निर्देश करीत, त्यालाच जुळणारे ‘हिमसेल्फ’ हे शीर्षक तिने पुस्तकाला दिले.